होलोग्रामखालची चावी: धातूचं बिटकॉइन नाणं जपायचं की उघडायचं?

बंदा_रुपया | रविवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात इतवारीत राहतो, बावीस वर्षांपासून जुनी नाणी जमवतो. भोसल्यांचे रुपये हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय. आज मात्र एका अगदी वेगळ्या नाण्याबद्दल सल्ला हवा आहे.

२०१७ साली माझ्या भाच्याने परदेशातून येताना माझ्यासाठी पितळेचं एक नाणं आणलं. पुढे बिटकॉइनचं चिन्ह, मागे रुपेरी होलोग्रामची गोल टिकली. त्या टिकलीखाली कागदाची बारीक चकती आहे आणि तिच्यावर खासगी चावी छापलेली आहे. त्या चावीच्या पत्त्यावर (बँक खात्याच्या क्रमांकासारखा असतो तो) ०.०१ बिटकॉइन, म्हणजे दहा लाख सातोशी, बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेत. टिकली सोलली, चावी वाचली, की पैसे आपले. सोलली नाही तर नाणं 'भरलेलं' राहतं आणि हातोहात देता येतं. सोबतच्या कार्डावर पूर्ण पत्ता आहे, त्यामुळे शिल्लक कधीही बघता येते.

मी ते भोसल्यांच्या रुपयांच्या डबीतच ठेवलं होतं. आमचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे आणि गेला आठवडाभर दुपारचा पारा ४५ च्या खाली उतरलेला नाही. काल डबी उघडली तर टिकलीची कड एका बाजूने नखभर उचललेली दिसली. भिंगातून बघितलं. उचललेल्या भागाखाली मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटलेली आहे. टिकली सोलल्याची खूण म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. उन्हाने गोंद सुटला की कुणी हात लावला, हे माझ्याने सांगता येत नाही. मार्चमध्ये घरात रंगकाम झालं होतं. कुणावर संशय घ्यायची इच्छा नाही, पण मन लागत नाही.

पत्त्यावरची शिल्लक लगेच तपासली, जशीच्या तशी आहे.

मला खरा त्रास होतोय तो दुसऱ्याच गोष्टीचा. जुन्या रुपयावर सराफांच्या छिन्नीच्या खुणा असतात. आत चांदीच आहे ना, हे बघायला सराफ कडेला घाव घालून बघत. आम्हा संग्राहकांच्या दृष्टीने त्या खुणेने नाण्याची किंमत उतरते, पण ते नाणं बाजारात पारखलं गेलं होतं एवढं तरी तिच्यावरून कळतं. या नाण्याला असा घाव घालताच येत नाही. आतली चावी बरोबर आहे की नाही हे टिकली फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडली की संग्रहाचं नाणं संपलं.

जपावं की उघडावं?

गोरेवाडा | रविवार, दुपारी १:०२

भाऊ, असली नाणी बर्डीवर अडीचशे रुपयाला मिळून राहिली ना? माझ्या पोराने टेबलावर ठेवायला घेतलं एक. सोनेरी आहे, मोठं आहे. तुमचं काही वेगळं आहे का?

किल्ली | रविवार, दुपारी १:४०

@गोरेवाडा, ते शोभेचं. त्यावर ना टिकली, ना चावी, ना पत्ता. त्याची किंमत त्याच्या मुलाम्याएवढीच. कुणी 'बिटकॉइनचं नाणं' म्हणून ते हजारात विकत असेल तर घेऊ नका. ओळखायची पद्धत सोपी आहे. विकणाऱ्याला पत्ता विचारा आणि तो ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे कुठल्याही पत्त्याची शिल्लक दाखवणाऱ्या वेबसाइटवर, स्वतः टाकून बघा. पत्ताच नसेल तर बोलणं तिथेच संपलं.

धागाकर्त्याच्या नाण्याची परंपरा मात्र खरी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या युटा राज्यात माइक कॅल्डवेल या गृहस्थाने २०११ मध्ये 'कॅसॅशियस' नाणी काढायला सुरुवात केली. १ बिटकॉइनचं पितळी नाणं सगळ्यांत प्रसिद्ध, पुढे १० चं चांदीचं वगैरे. सुरुवातीच्या होलोग्रामवर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'एस' राहून गेला. ती चुकलेली मालिका आज संग्राहक शोधत फिरतात, तुमच्या चुकीच्या छापाच्या नाण्यांसारखीच. नाण्यांवर लॅटिनमध्ये 'व्हिरेस इन न्यूमेरिस', म्हणजे संख्येत बळ, असं कोरलेलं असे. शोभेच्या नाण्यांवरही तेच उचललेलं दिसतं.

चावीची मांडणी खास होती. चकतीच्या छोट्या जागेत मावावी म्हणून त्यांनी 'मिनी की' वापरली. ती 'एस'ने सुरू होते, आधी २२ अक्षरांची होती, नंतर ३०. त्या अक्षरांवर एसएचए-२५६ हे गणिती सूत्र चालवलं की पूर्ण खासगी चावी मिळते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने त्यांना कळवलं की अशी भरलेली नाणी विकणं म्हणजे पैसे पाठवण्याचा व्यवसाय आहे आणि त्याची नोंदणी लागते. त्यांनी भरलेल्या नाण्यांची विक्री थांबवली. म्हणजे जगात आहेत तेवढीच राहिली, आणि कुणी ना कुणी सोलत असल्याने न सोललेली कमीच होत जातात. भाव चढण्याचं कारण हेच. आता तर एएनएसीएससारख्या संस्था या नाण्यांना जुन्या नाण्यांप्रमाणे दर्जा देऊन डबीबंद करून देतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. होलोग्राम म्हणजे कुलूप नाही. २०१३ च्या डेफकॉन या हॅकर लोकांच्या परिषदेत सुईने द्रावण आत सोडून टिकली खूण न ठेवता उचलता येते, हे दाखवलं गेलं होतं. म्हणजे टिकली शाबूत असली तरी चावी कुणी वाचलीच नाही याची खात्री नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट: ती चावी बनवणाऱ्याने छापली, तेव्हा एकदा तरी ती त्याच्या डोळ्यांसमोर किंवा त्याच्या संगणकात होतीच. तुमच्या नाण्यातले पैसे आज फक्त त्याच्या सचोटीवर उभे आहेत.

बंदा_रुपया | रविवार, दुपारी ३:१५

किल्ली, मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. आठ वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाणं माझ्या कपाटात आहे म्हणून पैसे माझ्याकडे आहेत, असं मी धरून चाललो होतो.

तेलंगखेडी | रविवार, सायंकाळी ६:२०

उघडू नका, असं माझं मत. संग्रहाची वस्तू ती संग्रहाची वस्तू. भोसल्यांचा रुपया तुम्ही वितळवून बघता का? दहा लाख सातोशींसाठी नाणं मारायचं नाही. हवं तर तेवढेच बिटकॉइन वेगळे घ्या.

किल्ली | रविवार, सायंकाळी ६:५५

@तेलंगखेडी, नाणं दुर्मीळ असतं, कॅसॅशियसचं १ चं असतं, तर तुमच्याशी सहमत झालो असतो. तिथे न सोललेल्या नाण्याला आतल्या रकमेपेक्षा जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईक असतो. इथे कड आधीच उचललेली आहे. दर्जा देणारी संस्था हे नाणं 'शाबूत' म्हणणार नाही. वरचा भाव गेलाच आहे, उरली आहे ती आतली रक्कम, आणि तीही संशयात. अशा वेळी थांबण्यात मला फायदा दिसत नाही.

अंबाझरीकर | रविवार, रात्री ९:४८

माझा अनुभव लिहितो, कारण 'सोपी पद्धत' म्हणून कागदावर चावी छापून ठेवणारे इथे अजून बरेच असतील.

मी कॉर्पोरेशन कॉलनीत तळमजल्यावर राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरात शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. आम्ही आईला उचलून वर नेलं, बाकी काही बघायला वेळच नव्हता. माझी कागदी चावी इंकजेटवर छापलेली होती, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, कपाटाच्या खालच्या खणात. तीन दिवसांनी फाइल मिळाली. क्यूआर कोडचा निळसर डाग झाला होता. खाली अक्षरांत छापलेल्या चावीतली तीन अक्षरं पूर्ण पुसली गेली होती, बाकीची चिखल सुकल्यावर उजेडासमोर धरून वाचता आली.

नशिबाने ही चावी ज्या लिपीत लिहितात तिच्यात ५८ च अक्षरं असतात. शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल मुद्दाम गाळलेत, वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून. तीन जागा, प्रत्येकी ५८ शक्यता, म्हणजे १,९५,११२ जोड्या. चावीच्या शेवटी तपासणीचे आकडे गुंफलेले असतात, त्यामुळे चुकीची जोडी लगेच बाद होते. माझ्या चुलतभावाने इंटरनेट काढलेल्या लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम चालवला आणि एक जोडी बरोबर निघाली. तीनऐवजी पंधरा अक्षरं गेली असती तर काहीच करता आलं नसतं.

त्या दिवसापासून कागद बंद.

वर्धारोड | रविवार, रात्री १०:३०

अंबाझरीकर, एवढा खटाटोप कशाला? चावी टाकली की दुरुस्त करून देणाऱ्या वेबसाइट आहेत की.

अंबाझरीकर | रविवार, रात्री १०:४१

दादा, कृपया हे कुणाला सुचवू नका. चावी परक्या वेबसाइटवर टाकली म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला दिली. धागाकर्त्यांनाही सांगतो, आज ना उद्या तुम्हाला 'मी मदत करतो, चकतीचा फोटो पाठवा' असा व्यनि (व्यक्तिगत निरोप) येईल. फोटो कुणालाही नाही, मलाही नाही.

बंदा_रुपया | सोमवार, सकाळी ८:०५

आत्ताच असे दोन व्यनि बघितले. दोन्ही सदस्य कालच नोंदणी केलेले. संपादकांना कळवलं आहे.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ११:१२

मी सीए आहे. कराचं थोडक्यात लिहिते.

स्वतःच्या एका पाकिटातून स्वतःच्याच दुसऱ्या पाकिटात नाणी हलवली तर ती विक्री नाही. विकलीत तर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही आहे. भरलेलं नाणं कुणा संग्राहकाला रोखीने हातात दिलं तरी आतलं बिटकॉइन हस्तांतरित झालंच, हे विसरू नका. खरेदीचा कागद, तारीख, पत्ता जपून ठेवा.

भेटीचा एक मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त, कारण आईवडिलांची भावंडं कायद्याने 'नातेवाईक'. भाच्याने मामाला दिलेली मात्र त्या यादीत बसत नाही, वर्षभरातल्या अशा भेटींची बेरीज ५० हजारांवर गेली की ती उत्पन्नात धरली जाते. काका, तुमची भेट २०१७ ची आणि छोटी, त्यामुळे काळजी नको. पुढे कुणी मोठी रक्कम द्यायची म्हटलं तर आधी हे बघा.

मृण्मयी_न | सोमवार, दुपारी ४:३६

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते आहे.

माझे यजमान एप्रिल २०२१ मध्ये करोनात गेले. त्यांच्या फोनमध्ये बिटकॉइनचं पाकीट होतं, हे मला माहीत होतं. पाकीट परत उभं करायचे बारा शब्द कुठेतरी लिहून ठेवलेत, असंही ते एकदा बोलले होते. कुठे, ते विचारायचं राहून गेलं. दवाखान्यातून फोन परत मिळाला तो बंद पडलेला. दुरुस्त केला तर पुसलेल्या अवस्थेत सुरू झाला. मी प्रत्येक डायरी, मुलांच्या वह्या, गॅसच्या पासबुकाची मागची पानं, सगळं बघितलं. पत्ता आजही उघडून बघते. रक्कम तिथेच आहे.

तुम्ही कुठलीही पद्धत निवडा, पण घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा. सांगून नाही, दाखवून.

बंदा_रुपया | सोमवार, रात्री ९:१८

ताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल ऋणी आहे.

ठरलं. नाणं उघडतो. पण आधी पैसे ठेवायची जागा तयार करायची आहे. आमच्यासारख्या साध्या घराला झेपेल अशी पद्धत सुचवा.

लोहा_ओळी | मंगळवार, सकाळी १०:२५

काकाजी, माझं हार्डवेअरचं दुकान आहे, मी स्वतः केलेलं सांगतो.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी आत सांभाळणारं छोटं यंत्र, कंपनीकडून थेट घ्यायचं, कुणाचं वापरलेलं नाही. खोक्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ते यंत्र वापरायचंच नाही. शब्द यंत्राने तुमच्यासमोर नवे बनवले पाहिजेत. बारा इंग्रजी शब्द येतात, २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. या यादीत पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, दोन शब्दांची पहिली चार अक्षरं कधीच सारखी नसतात. म्हणून चारच अक्षरं ठोकायची, आणि शब्द तीनच अक्षरी असला तर तीन.

३०४ स्टेनलेसचे बारा वायसर (वॉशर) घ्या, १० मिमी बोल्टचे, जरा रुंद कडेचे. ३ मिमीचा अक्षरपंचांचा संच घ्या. वायसर लोखंडी ठोकळ्यावर ठेवा, लाकडावर नको, घाव उडतो. पंच सरळ धरा, एकच दणका द्या. दुसरा मारला की अक्षर दुहेरी उमटतं आणि 'ई' आणि 'एफ' ओळखू येत नाही. प्रत्येकावर आधी क्रमांक, मग अक्षरं. मग बारा वायसर बोल्टमध्ये ओवून वर नट कसा. पाणी, आग, वाळवी, काही होत नाही. हा प्रकार घरात, दार लावून करा. माझ्या दुकानातही ठोकायला आणू नका.

तेलंगखेडी | मंगळवार, सकाळी ११:०३

सहा वायसर घरी आणि सहा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तर जास्त सुरक्षित नाही का?

किल्ली | मंगळवार, सकाळी ११:३०

नाही. दोनपैकी एक अर्धा हरवला तरी सगळं गेलं, म्हणजे धोका दुप्पट झाला. पूर्ण संच दोन करा, दोन वेगळ्या गावी ठेवा. लॉकर चालेल, पण बँकेच्या चुकीने नुकसान झालं तरी तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपुरती असते, हे लक्षात असू द्या.

काका, एक कळकळीची विनंती. पैसे टाकण्याआधी यंत्र एकदा पूर्ण पुसा आणि फक्त वायसरवरून परत उभं करा. तोच पत्ता आला तरच पुढे जा. आणि नाण्यातली रक्कम 'स्वीप' करा, म्हणजे एका फटक्यात सगळी नव्या पत्त्यावर. ती जुनी चावी पुन्हा कशालाही वापरायची नाही.

बंदा_रुपया | रविवार, रात्री ८:५०

झालं. ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

शुक्रवारी लोहा ओळीतून वायसर आणि पंच आणले. शनिवारी दुपारी दार-खिडक्या लावून, कूलर बंद करून ठोकायला बसलो. कूलर चालू असता तर ठोकल्याचा आवाज शेजारी गेला नसता, पण त्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. पहिले दोन वायसर वाया गेले. तिसऱ्यापासून हात बसला. दोन संच व्हायला साडेतीन तास लागले. शब्दांचा कागद चुलीत जाळला.

मग यंत्र पुसलं आणि ते परत उभं करायचं काम मी केलं नाही. मृण्मयीताई, तुम्ही म्हणालात ना, सांगून नाही, दाखवून. बायकोच्या हातात बोल्ट दिला, शब्दांची छापील यादी दिली आणि मी गच्चीवर जाऊन बसलो. तिने नट सोडवून बारा वायसर ताटात क्रमाने मांडले, एकेक शब्द यादीत शोधला आणि यंत्रात भरला. सातव्या शब्दाला अडली, मी ठोकलेला 'आर' तिला 'पी' वाटत होता. पण 'पी' धरून यादीत शब्दच सापडेना, मग तिनेच तो 'आर' आहे हे ओळखलं. पाऊण तासाने हाक मारली. पडद्यावर आधीचाच पत्ता होता. सातवा वायसर मी दोन्ही संचांत नव्याने ठोकला.

आज सकाळी भाचा आला. टिकली चिमट्याने उचलली, उरलेला भागही मधाच्या पोळ्याची नक्षी मागे ठेवत निघाला. चकतीवर 'एस'ने सुरू होणारी ३० बारीक अक्षरं, भिंगाशिवाय वाचता येईनात. भाच्याने इलेक्ट्रम या संगणकावरच्या बिटकॉइन पाकिटात यंत्र जोडून चावी टाकली. पत्ता कार्डावरच्याशी जुळला, तेव्हा मी बनवणाऱ्या त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार केला. त्याने आठ वर्षं शब्द पाळला होता. फी हजार सातोशींच्या आतच लागली. पंचवीस मिनिटांनी व्यवहार ब्लॉकमध्ये गेला, म्हणजे त्याची नोंद झाली.

एक संच घरात आहे, दुसरा परवा अमरावतीला बहिणीकडे जाईल, सीलबंद. तिला आत काय आहे ते बायको सांगणार आहे.

@तेलंगखेडी, नाणं मोडीत काढलेलं नाही. त्याच डबीत, भोसल्यांच्या रुपयाच्या शेजारी आहे. त्या रुपयाच्या कडेला सराफाची छिन्नी लागलेली आहे आणि याच्या पाठीवर पोळ्याची नक्षी. चिठ्ठीवर लिहिलं आहे: 'पितळ. २०१७, भाच्याकडून. होलोग्राम काढला. आत काही नाही.'